कोणता मुलगा 'तसा' निघेल, हे व्यक्तिमत्त्व चाचणीवरून कळतं का?

सांजवारा

नमस्कार मंडळी. बऱ्याच काळाने धागा काढतेय आणि विषय जरा जड आहे.

मी शाळेत समुपदेशक आहे. तेरा ते सोळा वयाची मुलंमुली माझ्याकडे येतात. मध्यंतरी आमच्याकडे एक प्रकरण झालं. एका मुलीचा कार्यक्रमातला फोटो उचलून कोणीतरी त्याचे स्टिकर केले, वर अचकट-विचकट वाक्यं टाकली आणि ते वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर फिरले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, गाभा तोच.) चौकशी झाली, पालकांना बोलावलं, व्हायचं ते झालं. आता व्यवस्थापनाने डोक्यात घेतलंय की सगळ्या मुलांची व्यक्तिमत्त्व चाचणी घ्यायची आणि 'धोक्याची' मुलं आधीच हुडकून ठेवायची. एक कंपनी येऊन सादरीकरणही करून गेली. प्रत्येक मुलाचा रंगीत रिपोर्ट: हिरवा, पिवळा, लाल. पालकसभेत दाखवायला झकास. माझ्याकडे लेखी मत मागितलंय.

मी विरोधात आहे. पण 'स्वभावाचा काही संबंधच नाही' असं लिहून मोकळी होऊ शकत नाही, कारण ते खरं नाही. म्हणून जे वाचलंय ते इथे मांडते. तुम्ही त्यातली भोकं दाखवा.

मानसशास्त्रात स्वभाव मोजायला सगळ्यात रुळलेली चौकट पाच गुणांची: नव्या अनुभवांबद्दल खुलेपणा, शिस्त, बहिर्मुखता, समोरच्याशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि चिंताप्रवणता. प्रत्येक जण प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो. ऑनलाइन त्रास देणाऱ्यांचे जे अभ्यास झाले त्यांत पुन्हापुन्हा दिसतं ते असं की जुळवून घेण्याची वृत्ती कमी असेल तर त्रास देण्याचं प्रमाण वाढतं. शिस्त कमी असली की थोडंफार तसंच. बाकीच्या तीन गुणांबद्दल निष्कर्ष इकडे-तिकडे होतात.

दुसरी चौकट 'डार्क ट्रायड'. पॉलहस आणि विल्यम्स यांनी २००२ मध्ये हे नाव दिलं. यात आत्मप्रौढी, कावेबाजपणा आणि सायकोपथी, म्हणजे थंड, बेफिकीर निर्ढावलेपण, असे तीन गुण येतात. नंतर त्यात दुसऱ्याच्या वेदनेत मजा वाटणं हा चौथा धरला जाऊ लागला. २०१४ मध्ये बकल्स, ट्रॅपनेल आणि पॉलहस यांनी इंटरनेटवर ट्रोलिंग करणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा सगळ्यात ठळक नातं या चौथ्या गुणाशीच निघालं. लैंगिक स्वरूपाच्या ऑनलाइन छळाकडे या चष्म्यातून पाहणारे अभ्यासही बरेच आहेत आणि या गुणांशी संबंध सापडतो, यात शंका नाही.

आमच्या प्रकरणातही ज्याने स्टिकर बनवला त्याचं नाव ऐकून शिक्षकखोलीत कोणाची भुवईसुद्धा वर गेली नाही. पण तो एकटाच होता. पुढे पाठवणाऱ्यांत अभ्यासात पहिले येणारे, शिक्षकांना दार उघडून देणारे, लहान भावंडांना शाळेत सोडायला येणारे असे सगळे होते. त्यांच्यातल्या एकाने मला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, मी फक्त एकालाच पाठवला." त्याचा रिपोर्ट हिरवा आला असता, पैजेवर सांगते.

तर मंडळी, मत लिहायला मदत करा. विशेषतः संख्याशास्त्रवाल्यांनी.

तिरकस

पहिला प्रतिसाद माझा. रिपोर्ट लाल आला, बरं. पुढे काय? त्या पोराला दुसऱ्या बाकावर बसवणार की दुसऱ्या शाळेत? आणि हिरव्या रंगाचं प्रमाणपत्र घेऊन जे फिरतील त्यांच्याविरुद्ध उद्या एखादी मुलगी तक्रार घेऊन आली, तर "शक्यच नाही, त्याचा रिपोर्ट बघ" असं तिला ऐकवणार?

बिनधास्त बंडू

एवढं काय त्यात? या वयात पोरं चावटपणा करतातच, आम्हीपण केला. तेव्हा बाकावर कोरायचो, आता स्टिकर करतात. एखाददुसरी केस होते आणि लगेच चाचण्या, रिपोर्ट, समुपदेशन. फोन काढून घ्या, प्रश्न मिटला.

सांजवारा

@बंडू, एखाददुसरी केस नाही हो. इंग्लंडमध्ये शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड या संस्थेने २०२१ मध्ये मुलांशी बोलून अहवाल केला. नको असलेले अश्लील फोटो-व्हिडिओ पाठवले जाणं आपल्या किंवा आपल्या बरोबरीच्यांच्या बाबतीत 'खूपदा' किंवा 'अधूनमधून' घडतं, असं जवळपास ९० टक्के मुलींनी आणि जवळपास ५० टक्के मुलग्यांनी सांगितलं. त्याआधी २०१७ मध्ये ब्रिटन, डेन्मार्क आणि हंगेरीतल्या १३ ते १७ वयाच्या मुलांचं 'प्रोजेक्ट डीशेम' नावाचं सर्वेक्षण झालं. वर्षभरात आपला नग्न किंवा अर्धनग्न फोटो परवानगीशिवाय पसरवला गेला, असं ६ टक्क्यांनी सांगितलं. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असं होताना पाहिलं असं सांगणारे त्याच्या कितीतरी पट होते.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एकाचा फोटो फिरतो तेव्हा पाहणारे कितीतरी असतात. मला त्या पाहणाऱ्यांचीच जास्त काळजी वाटते.

आणि बाकावर कोरलेलं पुढच्या उन्हाळ्यात रंगवून टाकता यायचं.

अभ्यासू कावळा

सांजवारा, संख्याशास्त्राचं माझ्यावर सोपवा.

आधी संबंधाची ताकद. स्वभावगुण आणि प्रत्यक्ष वागणूक यांचा सहसंबंध (० म्हणजे नातंच नाही, १ म्हणजे पूर्ण नातं) क्वचितच ०.३ च्या वर जातो, हा आक्षेप मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्येच घेतला होता. त्यावर पुढे भरपूर वाद झाले, आणि अनेक प्रसंगांतलं वागणं एकत्र धरलं तर आकडा वाढतो हेही खरं. तरी ०.३ म्हणजे किती ते पाहा: वर्ग केला की ०.०९. वागण्यातल्या फरकांपैकी ९ टक्के त्या गुणाने समजावता येतात, ९१ टक्के बाहेर राहतात. संशोधनात हा आकडा चांगला मानतात. एका पोराच्या कपाळावर लाल शिक्का मारायला तो पुरत नाही.

आता गणित करू. आकडे मी निव्वळ उदाहरणासाठी धरतोय. शाळेत १००० मुलं आहेत आणि त्यातली ५० पुढे असा छळ करणार आहेत, असं समजा. चाचणी अतिशय चांगली आहे, इतकी की करणाऱ्या १०० पैकी ८० जणांना ती पकडते आणि न करणाऱ्या १०० पैकी ८० जणांना सोडून देते. (एवढी चांगली चाचणी कोणाकडे नाही, पण कंपनीला मान देऊ.) तर ५० पैकी ४० पकडले गेले. उरलेल्या ९५० पैकी २० टक्के, म्हणजे १९०, विनाकारण लाल झाले. एकूण लाल २३०. त्यातले १९० निर्दोष. दर सहा लालांमागे पाच चुकीचे! आणि करणारे १० जण हिरव्यात सुखाने नांदतायत.

हवामान खात्याने जिल्ह्यात पावसाची शक्यता सांगितली म्हणून रस्त्यातल्या एकालाच धरून 'तूच भिजणार' असं म्हणता येत नाही, तसं आहे हे. गटाबद्दल बोलायला स्वभावगुण चांगले, माणूस निवडायला नाहीत.

व्यवस्थापनाला तत्त्वज्ञान सांगू नका, हा १९० चा आकडा सांगा. लाल रिपोर्ट हातात पडलेल्या १९० निर्दोष मुलांचे पालक दारात उभे आहेत, एवढं चित्र पुरेल.

तिरकस

कावळोबा, दंडवत. १९० पालक आणि त्यातले निदान दहा वकील.

गणितमास्तर

वरची आकडेमोड तपासली, बरोबर आहे. (नाव सार्थ करणं भाग आहे.)

वयाचा मुद्दा राहिला. मी हीच मुलं शिकवतो. सातवीत गोड असलेलं पोरगं नववीत ओळखू येत नाही आणि बारावीत पुन्हा माणसात येतं, हे कोणताही शिक्षक सांगेल. याला आधारही आहे. सोटो, जॉन, गॉसलिंग आणि पॉटर यांनी २०११ मध्ये १० ते ६५ वयाच्या १२ लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा शिस्त आणि जुळवून घेण्याची वृत्ती हे दोन्ही गुण बालपणाकडून किशोरवयाकडे जाताना घसरतात आणि नंतर पुन्हा वर चढतात, असं दिसलं. म्हणजे कंपनी नेमक्या दरीत उभं राहून उंची मोजणार आणि तो आकडा मुलाच्या फाइलीला चिकटवणार.

मानसोपचारातही समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान १८ वर्षांच्या आत करत नाहीत, ते उगाच नाही. डॉक्टर जिथे थांबतात तिथे शाळेने रंग वाटत सुटू नये.

जुई

मी बहुतेक इथली सगळ्यात लहान सदस्य असेन. शाळा सोडून फार काळ झालेला नाही. बराच वेळ नुसतं वाचत होते.

मला शाळेत असताना असे फोटो यायचे, नको असलेले. आधी अनोळखी अकाउंटवरून, मग कळलं की वरच्या वर्गातला आहे. त्या काळात कोणी माझी चाचणी घेतली असती तर चिंताप्रवणता आभाळाला टेकली असती. फोनची थरथर झाली तरी पोटात गोळा यायचा. त्याआधी मी तशी नव्हते. वक्तृत्वस्पर्धेत बोलणारी मुलगी होते मी.

तेव्हा कृपा करून 'बळी पडणाऱ्यांचे स्वभावगुण' असा प्रकार शाळेत आणू नका. घाबरट मुलींना त्रास होतो असं लिहिलेलं कुठेतरी वाचलं होतं आणि फार राग आला होता. त्रास झाला म्हणून घाबरट झाले, हे एका दिवशी भरून घेतलेल्या फॉर्मवरून कसं कळणार?

आणि एक. मी सांगितलं तेव्हा पहिलं उत्तर मिळालं, "अकाउंट बंद करून टाक." मी बंद केलं. त्याचं चालूच राहिलं. माझ्या सगळ्या मैत्रिणी त्या अकाउंटवर होत्या, सहलीचं, वाढदिवसांचं सगळं तिथे ठरायचं. त्यातून मीच बाहेर पडले.

सांजवारा

जुई, लिहिलंस हे फार बरं केलंस. तू म्हणतेस तीच या अभ्यासांची मोठी अडचण आहे. बहुतेक सर्वेक्षणं एकाच वेळी केलेली असतात, स्वभाव आणि अनुभव दोन्ही एकाच कागदावर. आधी काय आणि नंतर काय, ते त्यातून ठरत नाही. तीच मुलं वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा तपासली तर काही कळेल. 'मुलींना खंबीर बनवा' छापाच्या कार्यशाळांना मी म्हणूनच टाळते. त्यात न बोलता सांगितलेलं असतं की उणीव तुझ्यात होती.

तुझा प्रतिसाद माझ्या पत्रात शब्दशः घालू का? नाव नाही, सदस्यनामही नाही.

जुई

घाला.

मुखवटा

धागा चांगला चाललाय, पण एक बाजू सुटतेय. मुलगेही बळी असतात. अनोळखी 'मुलगी' गोड बोलून फोटो मागते आणि फोटो गेला की पैसे मागते. या आर्थिक सेक्स्टॉर्शनमध्ये सापडणारे बहुतांश १४ ते १७ वयाचे मुलगे असतात, असं अमेरिकेच्या एफबीआयने वारंवार सांगितलंय. पलीकडे टोळी असते, तिचा धंदाच तो. तिथे वर्गातल्या कोणाची चाचणी घेऊन काय हाती लागणार?

मुलगे सांगत नाहीत, कारण "तूच पाठवलास ना?" हा प्रश्न ठरलेला. जी मुलं समलिंगी आहेत किंवा तशी असल्याचा वर्गाला नुसता संशय आहे, त्यांची तर दुहेरी पंचाईत. तक्रार करायची म्हणजे घरी सगळंच उघड करायचं.

बिनधास्त बंडू

मघाशी मी जरा फटकन बोललो असेन, पण फोनच्या मुद्द्यावर ठाम आहे. तोंडावर बोलायची ज्यांची हिंमत नाही तेच पडद्याआड शूर होतात. नाव लपवता येतं म्हणून हे सगळं.

अभ्यासू कावळा

बंडू, अर्धं बरोबर. जॉन सुलर यांचा २००४ चा एक गाजलेला लेख आहे, ऑनलाइन माणसाचा संकोच का गळून पडतो यावर. त्यात त्यांनी सहा कारणं दिलीत. नाव लपणं हे त्यातलं फक्त एक. समोरचा दिसत नाही, उत्तर लगेच येत नाही, समोरच्याचा आवाज आपणच आपल्या डोक्यात तयार करतो, हे सगळं खेळातलं आहे असं वाटतं, आणि मोठ्यांचा धाक जाणवत नाही, ही बाकीची पाच.

सांजवारांच्या प्रकरणात तर नाव लपलेलंच नव्हतं! वर्गाचा ग्रुप, प्रत्येकाचा नंबर सेव्ह केलेला, डीपीवर स्वतःचा चेहरा. तरी झालं. तिथे कामाला आलं ते चेहरा न दिसणं. तीच मुलगी समोर उभी असती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं तर त्यातल्या निम्म्यांची जीभ अडखळली असती. उरलेल्या निम्म्यांची का अडखळली नसती, तिथे स्वभावगुण कामाला येतात.

गणितमास्तर

आणि प्रेक्षक विसरू नका. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा २००५ चा प्रयोग आहे: गाडी चालवायचा संगणकीय खेळ, पिवळा दिवा लागला की थांबायचं की दामटायचं ते ठरवायचं. तीन गट होते, १३ ते १६, १८ ते २२, आणि २४ च्या वरचे. प्रत्येक गटातल्या काहींना एकटं आणि काहींना मित्रांसमोर खेळवलं, कोणाला कसं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून. मित्र शेजारी असले की लहान मुलांनी खूपच जास्त धोके पत्करले, २४ वरच्यांना फारसा फरक पडला नाही. वय तेच, स्वभावांची सरमिसळ तीच. शेजारी कोण बसलंय एवढंच बदललं.

आता वर्गाचा ग्रुप म्हणजे काय? सगळे मित्र, चोवीस तास, कायम शेजारी.

आमच्याकडेही असा एक प्रकार झाला होता. तेव्हा मुलांशी एकेकट्याने बोललो. कारणं ऐकाल तर थक्क व्हाल, सगळी एका साच्यातली. "सर, नुसता स्टिकर तर आहे." "मी बनवला नाही, फक्त पुढे पाठवला." "ग्रुपवर सगळेच हसत होते." "तिने स्वतःच तो फोटो टाकला होता." "दुसऱ्या तुकडीत तर याहून भयंकर चालतं." नंतर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा वाचले. माणूस स्वतःच्या नजरेत चांगला राहून वाईट कसा वागतो, याच्या आठ युक्त्या त्यांनी मांडल्यात: गोंडस नाव देणं, परिणाम छोटे करून दाखवणं, जबाबदारी गर्दीत वाटून टाकणं, बळीलाच दोष देणं, याहून वाईट काहीतरी दाखवून आपलं छोटं करणं वगैरे. माझ्या पोरांनी त्यातल्या निदान पाच न शिकता म्हणून दाखवल्या. आणि ही पोरं 'तसली' नव्हती हो. परीक्षेत कॉपीसुद्धा न करणारी होती.

मला वाटतं चाचणीत पैसे घालण्यापेक्षा ही वाक्यं फळ्यावर लिहावीत आणि वर्गाला विचारावं, हे कधी ऐकलंय? खाली माना घालून हसतात. मग बोलायला लागतात.

तिरकस

फळ्याची कल्पना चोरतोय. माझ्या धाकट्याच्या शाळेला पाठवतो.

अवांतर: 'मी फक्त पुढे पाठवला' हे वाक्य आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचे काका लोक रोज म्हणतात. पोरं शिकणार कोणाकडून?

अभ्यासू कावळा

पुढे पाठवण्यावरून आठवलं. मॅडिगन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांवरच्या ३९ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं. एकूण १,१०,३८० मुलं. स्वतःचे लैंगिक संदेश किंवा फोटो पाठवलेले १४.८ टक्के, असे काही मिळालेले २७.४ टक्के. दुसऱ्याचं आलेलं त्याच्या परवानगीशिवाय पुढे ढकललेले १२ टक्के. साधारण आठात एक! आठात एक मुलगा किंवा मुलगी सायकोपथ असू शकत नाही.

आणि आता फोटो काढायचीही गरज उरली नाही. २०२३ मध्ये स्पेनमधल्या अल्मेंद्रालेखो या गावी शाळकरी मुलींचे कपड्यांतले साधे फोटो एआय ॲपमध्ये घालून नग्न फोटो बनवले आणि फिरवले गेले. पुढच्या वर्षी बाल न्यायालयाने १५ अल्पवयीन मुलांना दोषी धरून एक वर्षाच्या देखरेखीखाली ठेवलं आणि समानतेचं व तंत्रज्ञान जबाबदारीने वापरण्याचं शिक्षण घ्यायला लावलं. एका छोट्या गावात एकाच वेळी १५. चाचणीत सगळे लाल आले असते?

मुखवटा

मग स्वभावाचा काहीच उपयोग नाही असं ठरलं का? सुरुवातीला सांजवारा तसं म्हणत नव्हत्या.

सांजवारा

नाही, आणि तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण माझ्या पत्राचा गाभा इथेच आहे. कोणावर संशय घ्यायचा हे ठरवायला स्वभाव वापरू नये. घटना झाल्यावर कोणाशी कसं बोलायचं, यासाठी मात्र तो फार उपयोगाचा आहे.

शाळा सगळ्यांना एकच औषध देते: "तिच्या जागी स्वतःची बहीण असती तर?" (हे वाक्य मला मुळातच आवडत नाही. बहीण नसलेल्याने काय करावं, आणि मुलीला माणूस म्हणून किंमत द्यायला ती कोणाची तरी बहीण कशाला लागते?) उतावीळ मुलाला याने अपराधी वाटतं, तो रडतो, आणि पुढच्या वेळी बोट पुन्हा बटणावर जातंच. कारण त्याची अडचण सहानुभूतीची नाहीच, थांबण्याची आहे. त्याच्याबरोबर मी बसून ठरवते की असलं काही आलं की पहिल्या मिनिटात काय करायचं: फोन पालथा ठेवायचा, ग्रुप म्यूट करायचा, पाठवणाऱ्याला ठरवून ठेवलेलं एकच वाक्य लिहायचं. आम्ही ते वाक्य खरोखर टाइप करून ठेवतो. एकाने ठेवलंय, "भाई, उडव हे. लफडं होईल." उदात्त नाही, पण तो ते पाठवेल याची मला खात्री आहे.

आत्मप्रौढीवाल्याला ग्रुपवरचे हसरे चेहरे हवे असतात. त्याला उपदेश केला की तोही त्याच्या कौतुकाचाच भाग होतो. त्याच्या बाबतीत काम प्रेक्षकांवर करायचं. हसणारे थांबले की खेळ संपतो.

आणि खरोखर थंड असतात ती मुलं. मोजकी, पण असतात. समोरचीला किती लागेल हे त्यांना नीट कळतं, कित्येकदा माझ्यापेक्षा चांगलं कळतं. फक्त त्याचं त्यांना काही वाटत नाही. अशा मुलाला पीडित मुलीचं दुःख रंगवून सांगणं म्हणजे बाण कुठे लागला ते दाखवण्यासारखं आहे. मी ते कधीच करत नाही. त्याच्याशी नियम, ठरलेले आणि न चुकणारे परिणाम, आणि त्याला स्वतःला काय मिळतं-काय जातं याच भाषेत बोलते. शिवाय बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवते, कारण ते माझ्या आवाक्यातलं काम नाही.

हे सगळं मुलाशी बोलून, शिक्षकांना विचारून, जुन्या नोंदी पाहून कळतं. 'मी दिलेला शब्द पाळतो: १ ते ५ पैकी निवडा' यावरून नाही. त्या फॉर्मचं तर असं होतं की शेजारच्याने काय लिहिलंय ते बघून पोरं ४ वर गोल करतात. आणि जो कावेबाज आहे त्याला कोणतं उत्तर हवंय हे सगळ्यात आधी कळतं!

गणितमास्तर

प्रेक्षकांवर काम, याला शंभर टक्के अनुमोदन. फिनलंडच्या सालमिवाली यांनी १९९६ मध्ये शाळेतल्या दांडगाईत कोण काय करतं ते मांडलं: त्रास देणारा, त्याचा हस्तक, हसून प्रोत्साहन देणारा, बाजूला राहणारा, आणि पीडिताची बाजू घेणारा. पुढे तिकडचा किवा हा शालेय कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. ग्रुपवर या भूमिका सरळ मोजता येतात. किती जणांनी हसरा चेहरा टाकला, किती गप्प बसले, 'डिलीट कर' कोणी लिहिलं. आमच्या वेळी तसं लिहिणारा एकच होता, आणि तो वर्गातला सगळ्यात लाजाळू मुलगा.

दोन मुलांची आई

प्रत्येक प्रतिसाद वाचला. छाती धडधडतेय. मागच्या आठवड्यात मुलाच्या फोनवर असंच काही दिसलं. वर्गातल्या मुलीचं. त्याने बनवलेलं नाही, पण दोघांना पाठवलंय. मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. पालकांच्या ग्रुपवर टाकून सगळ्यांना सावध करू का? त्याला त्या मुलीच्या घरी नेऊन माफी मागायला लावू का? नवऱ्याला अजून सांगितलं नाही, तो फोन फोडेल.

सांजवारा

ताई, आधी श्वास घ्या. तुम्ही बघितलंत आणि विचारलंत, पुष्कळ झालं.

पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. तिचा फोटो आणखी काही घरांत पोचेल, दुसरं काही होणार नाही. चित्र उघडं-नागडं असेल तर स्क्रीनशॉट स्वतःजवळ ठेवणंसुद्धा बऱ्याच देशांत गुन्हा ठरू शकतो, कारण ती अल्पवयीन आहे. त्यापेक्षा वहीत लिहून ठेवा: ग्रुपचं नाव, तारीख, वेळ, कोणी टाकलं, मुलाने कोणाला पाठवलं. त्या दोघांना मुलानेच संदेश करून ते काढून टाकायला सांगू दे. ॲपमध्ये त्या पोस्टची तक्रार करा आणि शाळेत एकाच जबाबदार व्यक्तीला प्रत्यक्ष भेटून सांगा.

मुलीच्या घरी न विचारता जाऊ नका. माफी ऐकायची की नाही, कधी आणि कोणासमोर, हे ती ठरवेल. दारात उभा राहिलेला मुलगा बघून तिने "ठीक आहे" म्हटलं तर त्यात तुम्हाला हलकं वाटेल, तिला नाही.

तिच्या आईवडिलांपर्यंत शाळेमार्फत एक गोष्ट पोचवा. 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची, १८ वर्षांखालच्यांच्या नग्न किंवा लैंगिक चित्रांसाठी. ती बाहेरच्या देशांतूनही वापरता येते. फोटो कुठेही अपलोड करावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा डिजिटल ठसा बनतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, म्हणजे त्यांच्याकडे तो फोटो आला की ओळखून काढून टाकता येतो. मात्र फक्त बंदिस्त, कूटबद्ध चॅटमध्ये फिरणाऱ्या गोष्टींना तो पकडू शकत नाही, तेव्हा त्यावरच विसंबून राहू नका.

मुलाशी बोलताना 'का केलंस' ऐवजी 'पाठवायच्या आधी काय वाटलं आणि नंतर काय वाटलं' असं विचारून बघा. उत्तरावरून पुष्कळ कळेल. वाटलं तर इथे व्यक्तिगत निरोप करा.

दोन मुलांची आई

केलाय निरोप. स्क्रीनशॉटचं डोक्यातच आलं नव्हतं.

बिनधास्त बंडू

ताई, नवऱ्याला सांगा. फोन फोडला तर मी नवा घेऊन देतो त्याला, पण एकट्या ओढू नका हे.

सांजवारा

मंडळी, पत्र दिलं. कावळ्याचं १९० चं गणित, मास्तरांची पाच वाक्यं, जुईचा प्रतिसाद, सगळं घातलं. चाचणीऐवजी वर्षातून दोनदा निनावी प्रश्नावली सुचवली आहे: काय घडतंय ते विचारायचं, कोण कसा आहे ते नाही. "तुझा छळ झाला का?" असं न विचारता, "गेल्या तीन महिन्यांत तुझा फोटो तुला न विचारता कोणी बदलला किंवा पुढे पाठवला का?", "असं काही पाहिलंस तेव्हा काय केलंस?" असे सरळ प्रश्न. व्यवस्थापन विचार करतंय. कंपनीचा माणूस मात्र पुन्हा येणार आहे, या वेळी तीनऐवजी सात रंग घेऊन.

अभ्यासू कावळा

सरळ प्रश्न उत्तम. एक खबरदारी: मुलगा की मुलगी, इयत्ता आणि तुकडी असे तिन्ही रकाने ठेवू नका. ज्या तुकडीत मुली मोजक्याच आहेत तिथे निनावी फॉर्मही नावानिशी वाचता येतो.

सांजवारा

खरंय. तुकडीचा रकाना काढते. आणि वर्गशिक्षकांनी फॉर्म गोळा करायचे नाहीत, बंद पेटीत टाकायचे, हेही लिहून घेते.